येते हं, गुड्डी

प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते आणि त्यातला एकही स्वतःला विचारून पाहायचं धाडस मी केलं नव्हतं. नागपूरच्या एका संस्थेचा तो अभ्यास होता, माणसांपासून मागे सरत गेलेल्या मुलांचा आणि मोठ्यांचा. मोहाडी-तुमसरकडची गावं माझ्या वाट्याला आली, कारण मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची, घरून ये-जा करू शकणारी. आमच्या प्रमुख बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की कोणी भीतीनं मागे सरतं, कोणाला मनातूनच माणसं नको असतात, आणि कोणाला बाकीचे बाजूला सारतात. लांबून तिघंही सारखीच दिसतात. ते मी वहीत उतरवून घेतलं. नऊ वर्षांची असताना मी स्वतः दीड वर्ष कोणाशी बोलले नव्हते, दुपारच्या दुपारी पलंगाखाली बसून काढल्या होत्या, हे मात्र तिथे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कामावरून काढलं नसतं कदाचित, पण मग सगळ्यांनी माझ्याकडे फॉर्म भरत असल्यासारखं पाहिलं असतं.

आंधळगावला पहिल्यांदा गेले तेव्हा धान निसवला होता आणि बांधावरून चालताना लोंब्या सलवारीला घासत होत्या. राखीताईंची मुलगी गुड्डी, वय अकरा, दोन वर्षांपासून एक शब्द बोललेली नव्हती. आम्ही सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बसलो आणि गुड्डी आत, बांबूच्या ढोलीमागे, जिच्या तळाशी गेल्या सालचा धान उरला होता. तिचा फक्त एक पाय दिसत होता. राखीताई सांगत होत्या की आत्याच्या लग्नात पोरगी काहीतरी बडबडली, तर आत्या रागानं म्हणाली, आता तोंडातून एक शब्द काढशील तर पाहा.

“तवापासून नाहीच काढला,” राखीताई म्हणाल्या. “हिले जे म्हनलं ते ही धरून ठेवते, म्याडम. आपन बोलून भुलून जातो. ही नाही भुलत.”

तेवढ्यात अंगणात कोंबडी फडफडली आणि माझ्या हातातला पेन उडाला. राखीताई पदर तोंडावर धरून हसल्या. म्हणाल्या, पोरीचं राहू द्या, आधी तुमचाच फॉर्म भरा. मीही हसले. निघताना उंबऱ्यावरून आत पाहून, जसं आपण कुठल्याही घरून निघताना म्हणतो तसं, म्हणाले, “येते हं, गुड्डी.” ढोलीमागून चेहरा बाहेर आला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कोणी शिक्का मारलेला कागद हातात घेऊन नीट वाचतं.

दुसरी भेट बरोबर महिन्यानं ठरली होती. मी गेले तेव्हा राखीताई कापणीवरून नुकत्याच आल्या होत्या, पायाला चिखल तसाच, आणि मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. पण त्या म्हणाल्या, “आज काहून आल्या? आज तं शुक्रवार हाय.”

मला वाटलं त्या मला दुसरीच कोणी समजताहेत, अंगणवाडीची किंवा दवाखान्याची बाई. त्यांनी खुर्ची आणली आणि भिंतीला पाठ येईल, दार समोर दिसेल अशी ठेवली. मी कुठेही तशीच बसते, पाठीमागे मोकळं असलं की मला जमत नाही. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मग त्या बोलत राहिल्या. दर बुधवारी तुम्ही येता, दोघी ढोलीजवळ बसता, आम्ही आत येत नाही, पोरगी बुजेल म्हणून. मागल्या बुधवारी तिनं पाणी मागितलं. तोंडानं मागितलं. तिच्या बापानं, जागेश्वरनं, विळा खाली टाकला आणि बांधावरच बसून रडला.

“तुमचं आयकूनच तिले हिंमत आली,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “तुमची बी वाचा गेली होती म्हने दीड वर्स. पलंगाखाली बसत होत्या.”

माझ्या कानात एकदम खूप आवाज झाला आणि मग अजिबात झाला नाही. बुधवारी मी तुमसरला असते. तांदळाच्या गिरणीजवळच्या वस्तीत, मोठ्यांचे फॉर्म भरत. हे सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी गुड्डी ढोलीमागून बाहेर आली. पूर्ण उभी राहिली. दोन वर्षांत परक्या माणसासमोर ती अशी उभी राहिली नव्हती, हे मला तिच्या आईच्या श्वासावरून कळलं. मी नाही म्हटलं असतं तर ती मुलगी कुठे परत गेली असती हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या जागेचा वाससुद्धा मला ठाऊक आहे.

“आल्या होत्या ना तुमी?” राखीताईंनी हसत विचारलं, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले.

गुड्डीनं मान डोलावली, मी बरोबर उत्तर दिल्यासारखी.

घरी येऊन तुमसरचे फॉर्म काढून पाहिले. तारखा बरोबर होत्या, सगळे बुधवार, अक्षर माझंच. तरी मन मानेना म्हणून ज्यांचे फॉर्म भरले होते त्यांतल्या एकाच्या भावाला, ईश्वरला, फोन केला. तो भला माणूस. खूप आठवून पाहिलं त्यानं. म्हणाला, कागद तर भरलेले आहेत, पण कोणी बसून भरून घेतल्याचं काही ध्यानात येत नाही. त्या आठवड्यात दोनदा कंडक्टर मला तिकीट न देताच पुढे गेला. आईनं एका सकाळी दोनच कप चहा केला, स्वतःचा आणि बाबांचा, आणि मी समोर उभी असताना ओटा पुसून घेतला. मी विचारलं तेव्हा ती दचकली. म्हणाली, अगं, तू निघून गेलीस असं वाटलं, तुझं ‘येते’ ऐकलं मी.

त्यानंतर मी घराबाहेर पडताना काही बोलेनाशी झाले.

खरं सांगायचं तर मला आंधळगावला परत जायचं नव्हतं. पण अशीच घरात बसत गेले तर काय होतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून मी तिसऱ्या भेटीची तारीख येऊ दिली नाही. बुधवारीच निघाले. जे कोणी तिथे येतं त्याला समोरासमोर पाहायचं आणि राखीताईंच्या देखत सांगायचं की मी ही आहे, एवढंच ठरवलं होतं. गुड्डीचं काय होईल याचा विचार बसमध्ये मोहाडीपर्यंत केला आणि मग केला नाही.

भर दुपार होती. अंगणात धानाचे भारे रचलेले आणि जागेश्वर त्यांच्या सावलीत दोर वळत बसलेला. मागच्या दोन्ही भेटींत त्यानं मला पाहिलं होतं, नमस्कार केला होता. आता त्यानं कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि कोन पाह्यजे, असं विचारलं. मी म्हणाले, अभ्यासासाठी आलेय, गुड्डीसाठी. तो उठून दाराच्या आणि माझ्या मधे उभा राहिला. रागानं नाही, अदबीनंच.

“म्याडम अंदर हायेत,” तो कुजबुजला. “पोरगी बोलून रायली. हात जोडतो बाई, आता मधात नका जाऊ.”

आतून खरंच बोलणं ऐकू येत होतं. एक आवाज बारीक होता, भरभर धावणारा, मधेच हसणारा. मुलांचा आवाज इतका मोकळा लागलेला मी या कामात ऐकला नव्हता. दुसरा आवाज मोठ्या बाईचा, माझाच असावा असा, पण समजुतीचा, जराही न बुजलेला. मी पाऊल पुढे टाकलं असावं, कारण पायाखाली पेंढा वाजला आणि आतलं बोलणं थांबलं.

“बाहेर कोण आलंय गं?” त्या बाईनं विचारलं.

गुड्डी दारात आली. माझ्याकडे, माझ्या चेहऱ्याकडे, नीट वेळ घेऊन पाहिलं. मग वळून, अजिबात न अडखळता, स्वच्छ म्हणाली,

“कोनी नाही.”