कंसातलं नाव

आरतीनं पासपोर्ट बापापुढं धरला आणि एकेक पान उलटून दाखवलं. सगळी पानं कोरी होती. मधे घडी घातलेलं एक पत्र होतं.

“मुंबईला व्हिसा न्हाई म्हणले,” ती म्हणाली.

सोपान विळीवर वांगी चिरत होता. त्याचा हात थांबला.

“का पण?”

“खेळायला चालले म्हटलं, तर म्हणाले, खेळाच्या संघटनेचं पत्र आणा. या खेळाला संघटनाच नाही, आबा. मग विचारलं, लग्न झालंय का, पक्की नोकरी आहे का, नावावर काही आहे का. सगळ्याला नाहीच म्हणावं लागलं. मी तिकडंच राहीन असं वाटतं त्यांना.”

आरती बावीस वर्षांची होती. आळेफाट्याला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. क्लास सुटल्यावर तिथल्याच मशीनवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायची. खेळता खेळता ती पुण्यात जिंकली, मग बंगलोरला देशभरातल्या पोरांना मागं टाकून पहिली आली. आता जर्मनीला सामने होते. जायचं-यायचं तिकीट सामने भरवणारी कंपनी देणार होती. गावात, राजुरीत, ही गोष्ट अर्ध्या लोकांना कळली नव्हती आणि उरलेल्यांना खरी वाटत नव्हती.

सोपानचा धाकटा भाऊ गेणू शेजारीच राहायचा. आवाज ऐकून तो दारात येऊन उभा राहिला.

“ट्रॅक्टर शिकवला तर गोठ्याची भिंत पाडली हिनं,” तो म्हणाला. “त्यांनी आदी आमचा गोठा बघितला असंल.”

“काका, तिथं रस्त्यात गोठे नसतात.”

“मंग जिंकशील बाई तू.”

सोपानही हसला. आरतीनं पत्राची घडी पुन्हा घातली.

“अजून एकदा अर्ज करता येतो. पुण्याचा एजंट म्हणाला, जमीन नावावर असली तर उतारा जोडा. जमीन असलेला माणूस परत येतो म्हणे. आपली वडिलोपार्जित सगळी सामाईक आहे, ती नाही चालायची. पण कालव्याकडचं दीड एकर आईचं होतं. त्यावर माझं नाव लागलं असेल ना? तो उतारा द्या.”

सोपान उठला. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यानं उतारा तिच्या हातात दिला.

“साळुबाई सोपान औटी,” आरतीनं वाचलं. खाली कुणाचंच नाव नव्हतं. “आबा, वारसनोंद केलीच नाही?”

“ऱ्हायली.”

“दोन वर्षं?”

सोपान विळीवर बसला आणि चिरलेल्या फोडीच पुन्हा बारीक करू लागला.

“म्हंजे सरकारदरबारी वहिनी अजून हायतच म्हणायच्या,” गेणू म्हणाला. मग तो गोठ्याकडं निघून गेला.

ते दीड एकर साळूनं म्हशींच्या दुधावर घेतलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. पण उतारा आणला की ती स्वतःच्या नावावर बोट ठेवायची आणि म्हणायची, वाचा. सोपान वाचायचा. मग ती पिशवीला गाठ मारायची.

“किती दिस हायत?” सोपाननं विळी बाजूला सारून विचारलं.

“सात आठवडे. नोंदीच्या नोटिशीला पंधरा दिवस लागतात, पुढं व्हिसाची तारीख मिळायला तीन आठवडे. या आठवड्यात अर्ज गेला तरच जमंल.” ती थांबली. “तुमाला नको वाटत असलं तर राहू द्या आबा. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी पुन्हा पहिली येईल याची काय खात्री, हे ती बोलली नाही. सोपानला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून तो तलाठ्याच्या कचेरीत गेला. तलाठी तरुण होता, आठवड्यातून तीनच दिवस राजुरीत असायचा. त्यानं उतारा पाहिला.

“खातेदार मयत कधी?”

सोपाननं ग्रामपंचायतीचा दाखला टेबलावर ठेवून पुढं सरकवला. तलाठ्यानं त्यावरून तारीख उतरवून घेतली.

“दोन वर्षं काय करत होता, औटी?”

“कामं व्हती.”

“वारस कोण कोण?”

“एक पोरगी हाय. अन् मी.”

तलाठ्यानं अर्ज लिहून घेतला, सही घेतली. सोपान उठला नाही.

“भाऊसाहेब, नाव लाल शाईनं खोडता का?”

“कुणाचं?”

सोपाननं उताऱ्यावर बोट ठेवलं.

“खोडत नाही हो. कंस करतो. नावाच्या अलीकडं एक, पलीकडं एक. खाली वारसांची नावं.”

“पर आमच्या म्हाताऱ्याचं नाव व्हतं पूर्वी. आता दिसत न्हाई कुटं.”

“जुना उतारा संपला की नवा लिहितात. त्यात कंसातली नावं घेत नाहीत. हा अलीकडंच लिहिलाय. अजून दहाएक वर्षं तरी राहील.”

सोपाननं मान हलवली.

“दहा वर्सं लई झाली, भाऊसाहेब.”

तलाठ्यानं वर पाहिलं. मग दुसऱ्या माणसाचा अर्ज पुढं ओढला.

पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली नाही. नोंद मंजूर झाली. सोपान नव्या उताऱ्याच्या दोन नकला घेऊन आला. साळूचं नाव तसंच होतं, त्याच जुन्या अक्षरात. दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा वाकवलेल्या. खाली आरतीचं नाव, मग त्याचं. एक नक्कल त्यानं आरतीला दिली आणि एक पिशवीत ठेवून गाठ मारली.

व्हिसाची तारीख मिळाली तेव्हा आरती दुसऱ्यांदा मुंबईला गेली ती पहाटेच्या गाडीनं. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पासपोर्ट परत घेऊनच येणार होती. सोपान तिला आणायला आळेफाट्यावर गेला. कल्याणहून येणारी एसटी तासभर उशिरा आली. आरती खाली उतरली आणि पासपोर्ट उघडून तिनं त्याच्यापुढं धरला. एका पानावर कागद चिकटवलेला होता. त्यावर तिचा फोटो होता.

“झालं?”

“झालं.”

सोपाननं तिच्या खांद्यावरची बॅग स्वतःकडं घेतली. दोघं नाक्यावरच्या हॉटेलात शिरले. त्यानं भजी आणि चहा सांगितला.

“उतारा बघितला का त्यांनी?”

आरतीनं नकारार्थी मान हलवली.

“फाईल उघडलीच नाही, आबा. मी कागद पुढं केला, तर तो साहेब म्हणाला, राहू दे. त्यानं विचारलं, घरी कोण असतं. म्हटलं, वडील. एकटेच असतात. मग म्हणाला, तू जर्मनीला गेल्यावर त्यांच्याकडं कोण बघणार? म्हटलं, बारा दिवसांत येणारे मी. वांगी चिरायला शिकलेत, तेवढे दिवस जेवतील. तो हसला. बाकी काही विचारलं नाही.” ती खाली बघून बोलू लागली. “तुमाला उगाच करायला लावलं मी.”

“उगाच कसं?” सोपान म्हणाला.

हॉटेलचा मालक बहिरू स्वतः चहा घेऊन आला. पूर्वी राजुरीला भाजीच्या टेंपोवर असायचा. आता केस पांढरे झाले होते.

“सोपानभाऊ, लई वर्सांनी! पोरगी का ही? केवढी झाली, राव. अन् वहिनी? त्यांना न्हाई आणलं?”

आरतीनं बापाकडं पाहिलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच सोपान बोलला.

“वारली ती. दोन वर्सं झाली.”

बहिरू हातात ट्रे धरून तसाच उभा राहिला.

“मला कसं कळलं न्हाई?”

“गावाभाईर मीच सांगितलं न्हाई कुणाला.” सोपाननं बाकावर सरकून जागा केली. “बस की. ही पोरगी जर्मनीला चाललीय. गाडीच्या शर्यतीला.”

“कुठली गाडी चालवती?”

“तिला इचार,” सोपान म्हणाला, आणि भज्यांची बशी दोघांच्या मधे ओढून त्यानं पहिलं भजं उचललं.