पोशीचं अर्धं जातं

मी एक जुनी तळी आहे. जात्याची, वरची. मित्रांनो, जात्याला दोन तळ्या असतात. खालची गप्प बसते, वरची फिरते आणि दोघींच्या मधे जे सापडतं त्याचं पीठ होतं. मी फिरण्यासाठी जन्मले आणि एकदाही फिरले नाही. जव्हार ते जामसर एवढाच माझा प्रवास, तोही डोक्यावरून.

माझा जन्म जव्हारच्या बाजाराच्या कडेला, एका आंब्याखाली झाला. तेव्हा तिथे राजांचं राज्य होतं, पण राजांशी माझा कधी संबंध आला नाही. मला घडवलं घाटावरून आलेल्या एका पाथरवटाने. एकाच दगडातून त्याने आम्हा दोघींना काढलं. जिच्यावर बसून तो भाकर खायचा ती खालची झाली, उरली ती वरची. मोठेपणा असाच ठरतो. त्याने माझ्या मधोमध दाणे टाकायला तोंड पाडलं, अंगावर टाकीचे बारीक घाव घातले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, की हे जातं लोण्यासारखं दळेल. माझं कौतुक झालं ते एवढंच, म्हणून लक्षात आहे.

मग पोशी आली. ती जामसरच्या एका पाड्यावरची. नवऱ्याशी काडीमोड घेऊन भाऊ सोम्याकडे राहत होती. तिथे तिला भाकरी मिळे, पण भावजय काळीचा नियम असा, की जातं माझं आहे, तेव्हा आधी माझी नागली दळायची, मग तुझी. नागली म्हणजे तुमची नाचणी. काळीच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पोशीची पाळी येईपर्यंत तिचे हात गळून जात. शेवटी तिने ओढ्याकाठी कुडाची खोपी उभी केली आणि सांगितलं, की मी एकटी राहणार.

एकटी बाई घर मांडते म्हटल्यावर काय काय लागेल हे सांगायला सगळा पाडा आला. काळी म्हणाली, घराला आधी पुरुष लागतो. पोशीने आधी मीठ आणलं. मग मडकं, मग तवा, मग कोयता. दर बाजाराला डोक्यावर मावेल तेवढं. शेवटी राहिलं जातं. ते येत नाही तोवर तिचं घर नुसतं झोपायचं होतं. दळायला पुन्हा काळीच्याच दारी जावं लागे, आणि काळी आता तिच्याकडून दळून घ्यायला शेजारणीची नागलीही मागून आणून ठेवी.

जातं हे एका डोक्याचं ओझं नव्हे. पोशीने लोकांना विचारलं. जो तो म्हणे, आलो असतो गं, पण सोम्याला काय वाटेल? सोम्याला विचारलं तर तो म्हणाला, पाड्याला काय वाटेल?

तेव्हा पोशीने जातंही तवा-मडक्यासारखंच आणायचं ठरवलं, एकेक करून. मी हलकी म्हणून मला आधी उचललं. खालची पुढच्या बाजारापर्यंत ठेवतो, असं पाथरवट म्हणाला.

पुढच्या बाजाराला ती गेली तर आंब्याखाली नुसत्या कपच्या. पाथरवट घाट चढून गेला होता आणि खालची तळी त्याने खोडाळ्याच्या बाबल्याला विकली होती. बाबल्याही एकटाच घर मांडत होता. त्यालाही दोन्ही पेलणार नव्हत्या, आणि वरची पुढच्या बाजाराला देतो, असं त्यालाही सांगून ठेवलेलं. म्हणून तोही त्या कपच्यांकडे बघत तिथेच उभा होता. हे सगळं मला पोशीने सांगितलं. खोपीत ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

"तुझी मला दे," पोशी म्हणाली.

"मंग माझ्याकडं काय राहील?"

"बरं, माझी तू घे."

"मंग तुझ्याकडं काय राहील?"

बाबल्या विचारी माणूस होता, त्यामुळे काहीच ठरलं नाही. मग बाजारानेच ठरवलं. दिवस कलायच्या आत जव्हारपासून मोखाड्यापर्यंत बातमी गेली, की देवाने जोडी घडवली आहे. आमचा पाथरवट असा बसल्या जागी देव झाला. सोम्या खूश होऊन बहिणीकडे आला.

"दादा, जातं येईल, पण खाणारी तोंडं वाढतील," पोशी म्हणाली. "दळंल कोण?"

"बाईच दळंल की."

"मंग वयनीच्या जात्यानं काय वाईट केलं होतं?"

सोम्या उठून गेला.

भात झोडून झाल्यावर एक दिवस बाबल्या स्वतःच आला. खालची तळी डोक्यावर घेऊन, खोडाळ्यापासून चालत. त्याची मान खांद्यात गेली होती. आमच्याकडे पुरुषाने घरातली वस्तू आणली आणि बाईने ती उंबऱ्याच्या आत घेतली, की दोघांचं लग्न लागलं, घर झालं. वेगळं कोणाला विचारावं लागत नाही. सगळा पाडा बघायला उभा राहिला.

"नुसती तळी देतोस का?" पोशीने विचारलं.

बाबल्याने डोक्यावरची तळी सावरली. "नुसती कशी देऊ? मंग मी कशाला आलो?"

"मंग परत ने."

"मान गेली बाय. आता नाय नेववत."

त्याने तळी अंगणाच्या बाहेर ठेवली आणि गेला. ती तिथेच राहिली. पोशीने ती आत घेतली असती तर सोम्याने दुसऱ्याच दिवशी बहिणीला खोडाळ्याला पोचवलं असतं. न घ्यावी तर पीठ नाही. मी दारातून त्या तळीकडे बघत राहिले. तिच्यावर कोंबड्या बसत.

काही दिवस पोशीने नागली नुसती शिजवून खाल्ली. मग तिने मला उलटं केलं, माझ्या तोंडात लाकूड ठोकलं आणि ओढ्यातला गोटा घेऊन वर आलेल्या माझ्या पोटावर नागली रगडू लागली. त्या पिठात थोडी नागली असे आणि थोडी मी. भाकरी कचकच वाजे. तिचे दात लवकर गेले. मग ती भाकरी पेजेत भिजवून खाऊ लागली. पण काळीच्या दारी ती पुन्हा गेली नाही.

बाबल्याने पुढे बायको आणली. तिच्याबरोबर माहेरचं अख्खं जातं आलं. आपली तळी न्यायला तो कधी आला नाही, आणि ‘घे आता, तुझीच’ एवढं सांगायलाही आला नाही. मला वाटतं, तो विसरला. त्याला दळण मिळत होतं.

पोशी गेली तेव्हा सोम्या आणि काळी आले. काळीने माझ्या पोटावरून हात फिरवला. तिथे खळगा पडला होता. "केवढा दगड खाल्ला हिनं," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. मग सोम्याने माणसं बोलावून खालची तळी आत आणली. आता कोणाला काही वाटणार नव्हतं. त्यांनी मला सुलटं करून तिच्यावर ठेवून पाहिलं. मी इतकी झिजले होते की बसले नाही, डुगडुगले.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी एकटं माणूस घर मांडत असेल, तर त्याला काय काय लागतं ते सांगत बसू नका. ते त्याला ठाऊक असतं. त्याच्या ओझ्याची एक बाजू धरा, ते त्याच्या दारात न्या, खाली ठेवा. आणि मग आपापल्या घरी जा.