मार्जरीचे हातमोजे

विहिरीवरून पाणी घेऊन मी घरात शिरले तेव्हा बोटं निळी पडली होती. आईने हातमोजे पुढे केले. "घाल गं, किती गारठलीस!"

मी घातले.

चुलीपाशी बसलेल्या जोनमावशी शेजारणीला म्हणाल्या, "घातले हं हिने. आपण दोघींनी पाहिलं."

मग कळलं. हातमोजे रेनॉल्ड पाईकने पाठवले होते. आमच्या सफोक परगण्यात मुलीने साक्षीदारांसमोर पुरुषाने पाठवलेली भेटवस्तू स्वीकारली, की लग्नाला होकार धरतात. पाईक चामडी कमावतो. परवापर्यंत मी त्याला काका म्हणत होते.

"आई, आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घातले असतेस?"

लंडनला गादीवर बाई बसली आहे. इथे मला बाराव्या वर्षी परक्या घरी धाडलं, वळण लागावं म्हणून; आता कुठे परत आले. सूत कातणं, बिअर करणं, नजर खाली ठेवणं. वाचायला शिकवलं, लिहायला नाही.

उजेडात हातमोजे नीट पाहिले. तर्जनीचं टोक सुईने झिजलेलं. करंगळी उसवून पुन्हा शिवलेली. आत दुसऱ्याच हाताचा आकार. मार्जरीच्या. पाईकची ही बायको सहाव्या बाळंतपणात गेली.

लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवार होते. दोन रविवार मी गप्प बसले. तेच तर शिकवलं होतं. तिसऱ्यांदा पाद्रीबाबांनी विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी."

वडिलांनी दंड आवळला. "खाली बस, सिसली."

"बाबा, सोडा."

"भेटवस्तू स्वीकारलीस ना?" पाद्रीबाबा म्हणाले.

"थंडी होती म्हणून घातले. कुणी पाठवले ते माझ्यापासून लपवलं." मी हातमोजे पाईकपुढे टाकले. "काका, चामड्यात लोळता, नवा जोड तरी द्यायचा!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"चांगले होते," पाईक म्हणाला. "फेकायचे कशाला?"

जोनमावशींनी एक हातमोजा उचलला. करंगळीवरून अंगठा फिरवला. "हा टाका माझा आहे. मार्जरीला मीच शिवून दिले होते."

"हातमोजे पाईकने पाठवलेत हे मुलीला माहीत होतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

आई मावशींकडे रोखून पाहत होती. मावशी म्हणाल्या, "नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं."

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. "मग हा होकार नाही."

"आता तुला कोण करून घेणार?" आई पुटपुटली.

पाईकने मावशींच्या हातातून हातमोजा काढून घेतला. दुसरा खालून उचलला, दोन्ही झटकले, नीट जुळवले, कमरेच्या पिशवीत घातले. आणि पुढच्या बाकाकडे पाहू लागला. तिथे विणकराच्या तिघी मुली बसल्या होत्या.

मी थोरलीला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कितीही गारठलीस तरी घालू नकोस."