खाली पडलेलं हत्यार

माझं डोकं फिरलं की मला समोरचं काही दिसत नाही. कौतुकानं नाही सांगत. आईच म्हणायची, याचा राग नाकाच्या शेंड्यावर. आमचा लोखंडी दारं-जाळ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक ड्रिल आणि सहा माणसं. वडिलांनी तिथं एक नियम घालून दिला होता. हत्यार खाली पडलं की ज्याच्या पायाशी पडेल त्यानं ते लगेच उचलायचं आणि पुसायचं. कुणाचं, कसं पडलं, हे मग विचारायचं. पडलेल्या हत्यारावर पाय पडला की माणूस जातो, असं ते म्हणायचे. चाळीस वर्षं मी हा नियम पाळला, आणि त्यानंच माझं पितळ उघडं पाडलं.

कोर्टात आरोपी म्हणून उभा होता तो माझाच फिटर. अकरा वर्षं माझ्या हाताखाली राबलेला, मला दादा म्हणणारा. एका दाराचं माप चुकलं म्हणून मी त्याच्या कानफटात दिली होती. पहिली नव्हती ती. पण त्या दिवशी दुसरी बसायच्या आत त्यानं माझं मनगट धरलं. मारलं नाही, नुसतं धरलं, तेही सगळ्यांदेखत. ते मला इतकं झोंबलं की मी त्याला तिथल्या तिथं हाकलला. वर आसपासच्या प्रत्येक शेडमध्ये जाऊन सांगून आलो, याला कामावर घ्याल तर गाठ माझ्याशी आहे. कुणी घेतला नाही.

महिन्याभरानं, भर दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना, माझा ग्राइंडर पिशवीत घालताना तो मला सापडला. "ठेवतो परत, दादा. जातो मी," म्हणाला, आणि खरंच ठेवला. माझ्या हाताशी सळ्या सरळ करायचा दांडा होता, हातभर लांब. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. तो खाली बसला, डोक्यावर हात घेतले, तर मी हातांवर मारलं. उजवं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. याच हातानं मला धरलं होतं. मी आणखी मारलं. त्याच्या तोंडातून रक्त आलं, एक दात फरशीवर पडला. तो "बास दादा, जातो मी" एवढंच म्हणत होता. जेवून परतलेल्या मेहुण्यानं मागून कवेत आवळलं तेव्हा कुठे मी थांबलो.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तोंडाचा गोड आणि डोक्याचा तल्लख. "दाजी, दांडा त्याच्या हातात होता," त्यानं मला पढवलं. "तो तुमच्या अंगावर आला, झटापट झाली आणि तो मशीनवर आदळला. एवढंच बोलायचं." पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. पंचनाम्यात दांडा चोराचा झाला, त्याला चिठ्ठी बांधली गेली आणि तो पोत्यात गेला.

जामीन द्यायला कुणी नव्हतं, म्हणून फिटर चार महिने तुरुंगात होता. चोरी त्यानं पहिल्याच तारखेला कबूल केली होती. भांडण फक्त दांड्याचं उरलं होतं. नुसती चोरी असेल तर आत काढलेले चार महिने शिक्षेत धरून तो त्याच दिवशी घरी जाणार होता. हत्यार घेऊन चोरी असेल तर पाच-सात वर्षं नक्की. मागच्या बाकावर त्याची बायको घरचा शर्ट घडी करून मांडीवर घेऊन बसली होती. तो शर्ट बघून मला तिचाच राग आला. इतकी खात्री कसली हिला, असं वाटलं.

मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीच्या हातात काय होतं?"

"लोखंडी दांडा."

"तुम्ही त्याला मारलंत?"

"हात नाही लावला. तो पडला."

फिटर चार पावलांवर उभा राहून आपल्या वाकड्या मनगटाकडे बघत होता.

"दांडा ओळखाल?" वकिलांनी विचारलं आणि म्हाताऱ्या कारकुनाला खूण केली. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला, आणि दांडा त्याच्या हातून सटकला. फरशीवर खणखणत, गडगडत थेट माझ्या पायाशी आला.

मी उचलला. विचार केलाच नाही. विजारीवर पुसला आणि मूठ नेहमीच्या जागी आवळून ताठ उभा राहिलो.

तेवढ्यात फिटर खाली बसला होता. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, त्यातला उजवा नीट वळतही नव्हता. "बास दादा," तो म्हणत होता, "बास, जातो मी."

 त्याच्या बायकोच्या मांडीवरचा शर्ट खाली पडला.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं. "दांडा टेबलावर ठेवा," त्या मला म्हणाल्या. मी ठेवला. "आता सांगा. त्या दिवशी हा कुणाच्या हातात होता?"

मेहुणा दारातून मान हलवून मला नको-नको करत होता. मला लाज वाटली. इतकी वर्षं रागाच्या खाली कुठे दडून बसली होती कोण जाणे.

"माझ्या," मी म्हणालो.

"किती मारलंत?"

"मोजलं नाही, मॅडम. दोन-तीन."

"नऊ," खालून आवाज आला. तो अजून डोकं झाकूनच होता.

निकाल त्याच दुपारी लागला. नुसती चोरी, आत काढले तेवढेच महिने. माझ्यावर मारहाणीचा आणि खोट्या साक्षीचा गुन्हा नोंदवायचा हुकूम झाला. कारकुनानं दांड्याची जुनी चिठ्ठी काढली आणि नव्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं.

तो बाहेर पडला तेव्हा घरचा शर्ट अंगात होता, गुंड्या बायकोनं लावून दिल्या होत्या. मी दाराशी उभा होतो. चुकलं माझं, एवढंच बोलायचं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून मी हात उचलला, आणि तो भिंतीला चिकटला.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो माझ्या हातांवरची नजर न काढता, भिंतीच्या कडेकडेनं जिन्यापर्यंत गेला.