खाज गेली, तहान आली

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजर आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगून बघते. कंटाळा आला तर माझ्यासारखे खुशाल डोळे मिटून घ्या.

कळमनुरीच्या बाजारात, एका दुकानामागच्या सोयाबीनच्या पोत्यांआड माझा जन्म झाला. सपना नावाच्या मुलीने मला ओढणीत गुंडाळून घरी आणले. माझा रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नावही खारीच पडले. सपनाचे वडील प्रेमानंद कपडे शिवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे मशीन आहे. मशीनखाली चिंध्यांचे गाठोडे असायचे. तीच माझी गादी. उंदरांना कापडापर्यंत पोचू द्यायचे नाही, हे माझे काम. ते मी मन लावून केले असावे, कारण प्रेमानंद गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या दुकानात कारागीर दोनच. एक मी, अन् एक खारी."

पुढे मला खाज सुटू लागली. मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी खपल्या धरल्या. मी चाटून चाटून पाठीचे केस घालवले. जनावरांच्या डॉक्टरांनी मला एक सुई दिली. ते म्हणाले, "ही स्टेरॉइडची सुई आहे. आराम पडेल, पण तात्पुरता. पुन्हा आणा, खाज कशाची ते शोधू."

दुसऱ्याच दिवशी खाज थांबली. मग पुन्हा कोण नेतो? खाज परत आली की प्रेमानंद मला घेऊन निघत, कधी या दवाखान्यात, कधी त्या, आणि नुसती सुई मागत. "सुईवर तर माझं घर चाललंय," ते हसून म्हणत. "सुईनं नीट होत न्हाई असं काय हाय?"

सुया वाढल्या तशी माझी भूक वाढली. मी गोल झाले. शेजारच्या लक्ष्मीबाई दारातूनच ओरडल्या, "अगं बया, ही मांजर हाय का म्हशीचं वगारू?" सगळ्यांना वाटले, तब्येत सुधारली. मलाही तसेच वाटले. तहान मात्र भागेना. वाटी संपली की मी मोरीतल्या बादलीत तोंड घालायची. इतके पाणी प्यायल्यावर लघवीला वाळूच्या घमेल्यापर्यंत पोचणेही होईना.

एकदा लक्ष्मीबाईंच्या लेकीच्या लग्नाचे कापड शिवायला आले होते. त्यावरच माझे पाणी सुटले. पिवळा डाग बघून लक्ष्मीबाई कडाडल्या, "लग्न माझ्या पोरीचं, अन् हळद हिनं लावायची व्हय?"

प्रेमानंदांनी मान खाली घातली. त्या गेल्यावर त्यांनी मला पिशवीत भरले. "बास झालं. कनेरगाव नाक्यावर सोडून येतो. ढाब्यावर खायला भेटंल हिला."

"पप्पा, तिथं तिला कोणीच वळखत न्हाई," सपना रडू लागली. मी पिशवीतून तिची पावले तेवढी बघत होते.

तेवढ्यात प्रेमानंदांची आई, जनकाबाई, झाडू घेऊन मशीनपाशी वाकल्या. "आरं, इथं चहा कोण सांडला?"

"चहा न्हाई माय. तुझ्या लाडकीचाच परताप हाय."

"मग मुंग्या काहून लागून राहिल्या?" त्यांनी झाडू बाजूला ठेवला. "माझी शुगर निघाली तव्हा मोरीत अशाच मुंग्या व्हत्या. प्रेमानंदा, हिला माझं दुखणं झालं. नाक्यावर नको नेऊ, दवाखान्यात ने."

हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझ्या कानातून रक्ताचा थेंब घेतला. साखर फार वाढली होती. कातडीही पातळ झाली होती. "स्टेरॉइडची सुई वाईट नाही," आधीच्या सुयांचे ऐकून ते म्हणाले. "पण पुन्हा पुन्हा दिली की काही मांजरांना साखरेचा आजार होतो." मग त्यांनी माझे केस बारीक फणीने विंचरले. फणीतले काळे कण ओल्या कापसावर टाकताच लाल झाले. पिसवांची घाण होती ती. माझेच रक्त, पिसवांनी प्यायलेले. पिसवा होत्या मशीनखालच्या चिंध्यांत, माझ्या गादीत.

प्रेमानंदांनी घरी येताच ते गाठोडे ओढून बाहेर काढले.

चिंध्या त्याच दिवशी जाळल्या. पिसवांचे औषध आले, आणि मग खाजेसाठी सुई लागलीच नाही. आता इन्शुलिनची लागते. ती प्रेमानंदच देतात. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेल्या त्या माणसाची बोटे माझ्या पाठीवर जागा शोधत फिरतात. "दुखलं का गं?" ते विचारतात. शेजारी जनकाबाई स्वतःची सुई घेताना म्हणतात, "मला तर कोणी इचारत न्हाई."

माझी साखर अजून वर-खाली होते. पुढचे मला माहीत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरचे मांजर खाजवू लागले, तर खाज थांबवण्याआधी एकदा "काहून?" एवढे विचारा. डॉक्टरांनी पुन्हा बोलावले तर आम्ही बरे दिसलो तरी घेऊन जा. आम्ही जास्त पाणी पिऊ लागलो, एकाएकी सुटलो, तर कौतुक करून थांबू नका. उत्तर आम्हाला बोलता येत नाही. ते आमच्या केसांत असते, पाण्याच्या वाटीत असते, आम्ही निजतो त्या जागी असते. तुम्हाला फक्त थोडे खाली वाकावे लागते.