साहेबाचं पाणी

"औंदा एक कमी दे," केशरबाई म्हणाली.

मथुरा कुंभारणीचा हात मडक्याच्या गळ्यावर तसाच थांबला. आकितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसापासून घाटनांदूरच्या बाजारात ती पोतं अंथरून बसते, केळ्या मांडून. केळी म्हणजे पितरांना पाणी द्यायचं मातीचं बुटकं मडकं. घरातली जेवढी माणसं गेली, तेवढ्या केळ्या. गिऱ्हाईक आलं की एखादी वाढवूनच मागतं. कमी कर म्हणणारं मथुराला जन्मात भेटलं नव्हतं.

"कावून गं? कोन जित्तं झालं का काय?"

शेजारचा लसूणवाला फिस्सकन हसला. केशरबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो मुकाट टरफलं फुंकायला लागला.

"साहेबाची नको. त्याची मानसं घावली."

"त्या तुमच्या गोऱ्याची? आन् आता ती घालनार पानी? तितून?"

"रगताची हायत. हक त्यांचा."

"आन् तुजा?"

"सासू-सासऱ्याच्या दे, मालकाची दे, आन् तोंड मिट."

मथुरानं तोंड मिटलं, पण मान हलवलीच.

हे साहेबाचं प्रकरण गावात सगळ्यांना माहीत होतं. निजामाच्या राज्यात परळीची रेल्वे लाइन पडत होती, तेव्हा रूळ तपासायला एक गोरा होता. आयर्लंड नावाच्या मुलखातला. गावाला सगळे गोरे इंग्रजच. केशरबाईचा आजेसासरा बंकट त्याच्या हाताखाली गँगमन. एका उन्हाळ्यात साहेब तापानं पडला. डॉक्टर येईपर्यंत बंकटनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं, आणि ते गिळता गिळताच साहेब गेला. ओढ्याकाठी पुरला. बंकटची आई म्हणाली, ज्याच्या हातचं शेवटचं पाणी, त्यानंच पुढं पाजायचं. त्याचं इथं हाय कोन? तेव्हापासून त्या घरात आकितीला एक केळी जास्तीची. बंकटमागं त्याच्या सुनेनं मांडली, सुनेमागं केशरबाईनं. मधी कधीतरी ओढ्याला पूर आला आणि कबरीचा दगड घेऊन गेला. केळी तेवढी राहिली.

केशरबाईचा जन्मच पाण्यात गेला म्हणायचा. नवरा बजरंग लायनीवर, आणि ही उन्हाळ्याच्या दिवसांत स्टेशनवर रांजण भरायला. गाडी आली की तांब्या घेऊन खिडक्यांखाली पळायचं. बाटल्या आल्या, काम गेलं, बजरंगही गेला. पोरबाळ नव्हतं. चहाच्या टपरीजवळ एक रांजण ती अजून भरते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी नको म्हटलेलं नाही.

आणि ह्या वर्षी माघ महिन्यात तिच्या दारात गाडी उभी राहिली. आतून एक म्हातारी गोरी बाई उतरली, पांढरे केस पोरासारखे कापलेली. मागून हरिओम. हा हरिओम संभाजीनगरला परदेशी लोकांना लेणी दाखवतो. गॉगल कपाळावर, बोलणं रेडिओसारखं.

"मावशी, ह्या ब्रिजीट मॅडम. आयर्लंडहून आल्यात. स्टेशनवर म्हणाले, केशरबाई साहेबाला पाणी घालती, तिला विचारा."

बाई रिटायर मास्तरीण होती. नोकरी सुटल्यापासून तिनं एकच काम धरलं होतं: आपल्या घराण्याच्या फांद्या शोधायच्या. चर्चची दप्तरं, जहाजांच्या याद्या, जुन्या रेल्वेचे कागद, सगळं तिनं धुंडाळलं होतं. तिनं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि बाजेवर पसरली. बाज संपली, कागद संपेना. त्यावर झाड. एक फांदी अमेरिकेला गेलेली, एक ऑस्ट्रेलियाला, एक तिथंच शेती करत राहिलेली. आणि एक फांदी मधेच तुटलेली. तिच्या टोकाला पेन्सिलीनं घाटनांदूर.

"हे मॅडमच्या आजोबांचे धाकटे भाऊ," हरिओम म्हणाला आणि फोटो पुढं केला.

केशरबाईनं पदरानं हात पुसून फोटो घेतला. एवढी वर्षं ती साहेबबाबा म्हणत आली होती. दाढीवाला, काठीवाला कुणी म्हातारा तिनं मनात धरला होता. फोटोत मिसरूड फुटलेला पोरगा. टोपी मोठी झालेली, कान बाहेर आलेले.

"आगं बया," ती म्हणाली, "हे तर लेकरू हाय."

"मॅडम विचारतात, कबर कुठंय?"

"कबर न्हाई. वढ्यानं नेली."

"मग काय आहे?"

"पानी हाय."

मग तिनं सांगितलं. बंकटची मांडी, त्याच्या आईचा शब्द, आकिती, केळी, गव्हाची रास, पहिला आंबा. ती बोलली ते चहा गार होईपर्यंत. हरिओमनं त्याचं इंग्रजी केलं ते चहाच्या एका घोटात. तरी ब्रिजीटबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली, कोपऱ्यातल्या माठाकडं बोट केलं. हरिओम बाटली घेऊन धावला, "नो नो मॅडम, पोट बिघडेल!" बाईनं बाटली बाजूला सारली आणि केशरबाईच्या हातचं पाणी तांब्यानं प्याली. घटाघटा, थोडं अंगावर सांडवत. तिथंच केशरबाईला ती आवडली.

"मॅडम म्हणतात, तुमचं नाव पण झाडावर घालायचं होतं. पण जागा नाही. झाडावर यायचं तर जन्मानं, नाहीतर लग्नानं."

"झाडाला पानी घालनारं झाडावर कावून चढंल?" केशरबाई म्हणाली.

हरिओमनं त्याचं इंग्रजी केलंच नाही.

केशरबाई आत गेली. फळीवरून गेल्या सालची साहेबाची केळी काढली. तीत मीठ ठेवलं होतं, ते परातीत ओतलं, केळी धुतली, पुसली. बाहेर येऊन बाईच्या ओंजळीत दिली.

"सांग तिला, आता घरचं मानूस आलं. घरचं आल्यावर दुसऱ्यानं पाजनं म्हंजे आगाऊपना. आकितीच्या दिवशी हिच्यात पानी भरायचं, त्याचं नाव घ्यायचं. इसरायचं न्हाई. सांगितलंस का?"

हरिओमनं काहीतरी सांगितलं. बाईनं केळी छातीशी धरली, मान डोलावली.

"काय म्हनली?"

"हो म्हणाली."

बाईनं केळी लोकरीच्या स्वेटरात गुंडाळली. गाडी गेली. परातीतलं मीठ दोन दिवस तसंच पडून होतं.

आकितीला केशरबाईनं सकाळीच पाटावर गव्हाची रास घातली. आणलेल्या केळ्या रातभर पाण्यात भिजल्या होत्या. मुठीनं दाबून तिनं राशीत खळगे पाडले. हाताला सवय, चार पडले. तिनं चौथ्याकडं बघितलं. बुजवला नाही. तिन्हींत केळ्या बसवल्या, पाणी भरलं, वाळा टाकला, पोळी आणि रस ठेवला, एकेकाचं नाव घेतलं. मालकाचं मनातच.

आणि मग ती बसून राहिली.

शेजारची सत्यशीला वाटी घेऊन आली. ह्या गल्लीतली तरणी सून, हातात कायम मोबाईल. "काकू, जेवला न्हाईत आजून?"

"साहेबाला पानी भेटलं का, कळू दे. त्याच्या आधी कसं गिळू?"

"तित आत्ता कुठं उजाडलं आसंल."

"बसते की मग."

सत्यशीलानं हरिओमला मेसेज टाकला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. पोळ्या कडक झाल्या, रसावर साय धरल्यासारखा थर आला. तेव्हा मोबाईल वाजला.

"आला, काकू! हरिओम म्हनतो, मॅडमनी मडकं घरात मानाच्या जागी ठेवलंय. हे बघा फोटू."

फोटोत पांढरी भिंत, लाकडी फळी. फळीवर चौकटीतला साहेब, टोपी मोठी झालेला. त्याच्या शेजारी केळी. केळीत जांभळ्या फुलांचा झुपका. फळीला एवढी पॉलिश की केळीचं बूड तीत दिसत होतं.

केशरबाईनं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"पानी कुठाय?"

"आत आसंल की. वरून दिसत न्हाई."

"फुलं वाळलेली हायत. पान्यात कशी वाळतेल?"

सत्यशीलानं वाकून फोटो परत बघितला. मग म्हणाली, "म्या फोन लावते त्या हरिओमला. चांगली झाडते. एवढं सांगून सुदीक..."

"नगं." केशरबाईनं मोबाईल तिच्या हातात दिला. "मायेनं ठिवलंय तिनं. जागा बघ किती साफ हाय. राहू दे."

तिनं चपला घातल्या.

बाजार उठत आला होता. मथुरा उरलेल्या केळ्या गवतात गुंडाळून टोपल्यात भरत होती. केशरबाई समोर उभी राहिली.

"एक दे."

मथुरानं वर बघितलं. "का गं? परत मेला का काय?"

"हं."

लसूणवाला हसला नाही. मथुरानं टोपल्यातून एक केळी काढली, बोटानं वाजवून बघितली, ठेवली. दुसरी काढली, वाजवली, ती दिली.

घरी येऊन केशरबाईनं ती चौथ्या खळग्यात बसवली आणि गळ्यापर्यंत पाणी भरलं. बाकीच्या भिजलेल्या होत्या, ही कोरी. कोऱ्या मातीनं सूं करून पाणी ओढलं आणि ते दोन बोटं खाली गेलं. तिनं तांब्यानं परत भरलं. ते परत उतरलं. तिनं परत भरलं.

पाणी थांबलं तसं तिनं आंब्याची एक फोड त्या केळीपुढं ठेवली, आणि मग आपलं ताट वाढून घेतलं.