मधल्या तोंडाची पिल्लं

आम्ही तीन बहिणी. मी मोठी, धाकटी लाडकी, आणि मधली ती नुसतीच मधली. तिला नावानं कुणी हाकच मारत नाही. कुठेच धड टिकेना, तेव्हा आईनं मला गळ घातली, "तिची ताई ना तू? घे की हाताखाली." नाही म्हणायला जीभ रेटली नाही. घेतली.

माझी प्रयोगशाळा माशांची. सगळे एकाच तळ्यातले, एकाच आजीची पिलावळ. पण काहींनी तळाशी गोगलगायी फोडून खायला सुरुवात केली, त्यांचे जबडे दणकट झाले. काहींनी वर तरंगणारे बारीक किडे धरले, त्यांची तोंडं निमुळती झाली. मध्ये ना भिंत ना बांध; तरी माद्या आपल्यासारखाच नर निवडत गेल्या आणि एकाच पाण्यात दोन जाती झाल्या. हे माझं म्हणणं. ते सिद्ध करायचं तर दोघांची मिश्र पिल्लं त्या दोन्ही जातींच्या टाकीत सोडायची आणि ती जगत नाहीत हे बघत बसायचं. त्यांना ना गोगलगाय फुटते, ना किडा धरता येतो. अन्न वर, अन्न खाली, आणि ती मधोमध वाळत जातात. नियम एकच, हातानं काही भरवायचं नाही.

या खेपेला पिल्लं मरेनात. उलट चांगली गुटगुटीत! माझं डोकंच फिरलं. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत जाणार की काय? काच पुसायला टाकीवर हात नेला, तर ती सगळी भराभर वर आली आणि माझ्या बोटांखाली तोंडं वासून उभी राहिली. बाकीचा एकही मासा हलला नाही. मी मधलीकडे बघितलं.

"गोगलगायी ठेचून घालत होतीस?"

"थोड्याशाच. ताई, बघवत नव्हतं गं."

"अगं बये, बघत बसायचाच तर पगार आहे तुला!"

"मी घरी नेते त्यांना. एका भांड्यात ठेवीन, कुणाला त्रास नाही."

"मिश्र मासा या दाराबाहेर जात नाही. माहीत आहे ना? आणि भरवलेली आता प्रयोगाला चालत नाहीत."

जाळं फिरवलं असतं तर टाकीभर घबराट होऊन बाकीच्यांनी खाणं सोडलं असतं. म्हणून ती हातानंच काढायची होती. बादलीतल्या पाण्यात लवंगेचं तेल कालवलं. त्यात मासा झोपतो, तो उठत नाही. मग तिला म्हटलं, "घाल हात."

"माझ्या हातानं नको ना, ताई."

माझ्याही हाताला ती आली असती. पण हिनं शिकायला नको?

तिनं हात घातला. पिल्लं एकमेकांना ढकलत तिच्या ओंजळीत शिरली. ती एकेक बादलीत सोडत गेली. शेवटचं पिल्लू निसटलं, टाकीत एक फेरी मारून आलं आणि आपणहून परत तिच्या ओंजळीत शिरलं. तेव्हा मात्र ती हमसून हमसून रडली. मी म्हटलं, "आटप."

मला वाईट वाटलं? वाटलं की. पण नवी पिल्लं तयार होती. ती सोडली, टाकीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

संध्याकाळी जेवायला बसलो तर आई म्हणाली, "लवंगेचा वास येतोय. दात दुखतोय का गं कुणाचा?"

"नाही आई," मधली म्हणाली, "ताईनं आज मला काम शिकवलं."

आईला कोण आनंद! "बघ, मी म्हणत नव्हते? ताईजवळ राहिलीस की मार्गी लागशील."

मधलीनं ताटाला हात लावला नाही. मीही काही भरवायला गेले नाही.